शेजारी कोण बसणार?

(देणगीदार व हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दोन वर्षांपूर्वी याच मेळाव्यात मी तुमच्याकडे जुने लॅपटॉप मागितले होते. नवापूर तालुक्यातल्या आपल्या वसतिगृहातल्या मुलामुलींना संगणकावरचे काम शिकवायचे आहे, शिक्षक मिळत नाही, पण आता सगळे इंटरनेटवर शिकता येते, फक्त यंत्र हवे, असे मी म्हटले होते. तुम्ही नऊ लॅपटॉप दिलेत. तिघांना चार्जर नव्हते, ते सुरतच्या बाजारातून आणले. एकात कोणाच्या तरी लग्नाचे सगळे फोटो तसेच होते. मुलींनी ते पाहिले, नवरीच्या साडीवर बरीच चर्चा झाली. मग ते पेन ड्राइव्हवर काढून ठेवले आणि लॅपटॉप साफ केला. ज्यांचे असतील त्यांनी घेऊन जावेत, माझ्या पिशवीत आहेत.

आज मी त्या नऊ लॅपटॉपचा हिशेब द्यायला आले आहे. तो सगळा काही चांगला नाही, हे आधीच सांगते. आपल्या पत्रिकेत बहुधा चांगलेच छापून येते. मीही तसेच लिहीत आले आहे.

ज्यांनी आमचा भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. नवापूर नंदुरबार जिल्ह्यात, सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर आहे. स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातमध्ये. फलाटावरच्या बाकाचा एक भाग एका राज्यात, दुसरा दुसऱ्या. आमच्या गावांचेही तसेच आहे. घर इकडे, पोट तिकडे. दिवाळीच्या सुमारास घरेच्या घरे ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात आणि होळीनंतर परततात. मुले मावची बोलतात, शाळेत मराठी शिकतात, आईवडिलांबरोबर गेली की गुजराती ऐकतात. इंग्रजी त्यानंतरची.

पहिल्या तुकडीत चौदा जण होते, आठ मुली आणि सहा मुलगे, बहुतेक बारावी झालेले. काय शिकवायचे हे ठरवायला मी पुष्कळ शोधाशोध केली. शेवटी आम्ही घेतले ते आयआयटी मुंबईचे ‘स्पोकन ट्युटोरियल’. तिथले रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनी सुरू केलेला हा प्रकल्प आहे, केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याच्या पैशावर उभा राहिलेला. साधारण दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ असतात. त्यात शिकवणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. दिसतो तो फक्त संगणकाचा पडदा, आणि आवाज सांगत असतो की आता इथे दाबा, आता असे लिहा. पडदा इंग्रजीतच राहतो, कारण नोकरीच्या ठिकाणी तो इंग्रजीतच असणार. आवाज मात्र मराठीत मिळतो, तसाच देशातल्या इतर अनेक भाषांतही मिळतो. शिकवली जाणारी सॉफ्टवेअर मोफत वापरता येणारी, म्हणजे चोरून घालावी लागत नाहीत. पत्र लिहायला लिबर ऑफिस रायटर, हिशेबाला कॅल्क, चित्राला जिम्प, आणि पुढे जायचे असेल तर प्रोग्रॅमिंगसुद्धा. व्हिडिओ एकदा उतरवून घेतले की इंटरनेट लागत नाही. आमच्याकडे टॉवरची रेघ प्रार्थनागृहाच्या ओट्यावर येते आणि आत शिरताच जाते, त्यामुळे ही गोष्ट फार मोलाची वाटली.

शिकायची पद्धतही त्यांनी सांगून ठेवली आहे. पडद्याच्या एका बाजूला व्हिडिओ ठेवायचा, दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअर. एक वाक्य ऐकायचे, थांबवायचे, तसे करून पाहायचे, मग पुढे. नुसते पाहत बसायचे नाही. व्हिडिओ तयार करतानाही त्याची संहिता आधी त्या विषयातल्या नवख्या माणसाला देऊन त्याला समजते का ते पाहतात. मला हे फार आवडले. आपल्या उपदेशांचेही असे करायला हवे असे मनात आले, पण तो आजचा विषय नाही.

तर जून महिन्यात मी चौदा जणांना एका खोलीत बसवले, पेन ड्राइव्ह दिला, व्हॉट्सअॅपवर गट काढला, रोज कोणता व्हिडिओ पाहायचा त्याचे वेळापत्रक टाकले आणि माझ्या इतर कामांना लागले. कुपोषणाची शिबिरे होती, जातीच्या दाखल्यांची कामे होती, वनहक्काचे दावे होते. गटावर अधूनमधून अंगठे येत होते. मला वाटले, चालले आहे.

ऑगस्टमध्ये नऊ उरले. पोळ्यानंतर सहा. दिवाळीला दोन.

कोणी भांडून गेले नाही, कोणी “जमत नाही” असेही म्हणाले नाही. आमच्याकडची मुले नाही म्हणत नाहीत, फक्त यायची थांबतात. एकाला मी बाजारात गाठून विचारले. तो खाली पाहत म्हणाला, “ताई, तिसऱ्या व्हिडिओत एक गोष्ट आली नाही. मग चौथा कसा पाहू?” तिसऱ्या व्हिडिओपाशी तो पाच आठवडे थांबला होता. पाच आठवडे. विचारायला शेजारी कोणी नव्हते, आणि गटावर विचारायचे तर सगळ्यांना दिसणार की याला येत नाही.

हे फक्त आदिवासी मुलांचे होते असे समजू नका. अमेरिकेतल्या एमआयटी आणि हार्वर्ड या विद्यापीठांनी २०१२ साली ‘एडएक्स’ नावाने मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू केले. जगभरातून लाखो लोकांनी नावे घातली. त्यांच्या सहा वर्षांच्या नोंदींचा अभ्यास २०१९ च्या जानेवारीत ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. त्यानुसार २०१७-१८ या वर्षी नाव घातलेल्या दर शंभरांपैकी जेमतेम तिघांनी अभ्यासक्रम पुरा केला. तिथे वीज जात नाही, भाषा त्यांचीच, आणि मागे उसाचा मुकादम उभा नाही. आमचे चौदातले दोन हे त्या मानाने बरेच म्हणायचे. पण हे वाचून मला समाधान झाले नाही, कारण जी बारा गेली त्यांची नावे मला ठाऊक आहेत.

त्यांतल्या एका मुलीबद्दल मला जास्त सांगायचे आहे. नाव घेत नाही. तिनेच सांगितले, “गोष्ट सांगा, नाव नको.”

ती हुशार, घाईची आणि घरची मोठी. सप्टेंबरात एक दिवस ती माझ्याकडे फोन घेऊन आली. फोनवर एक जाहिरात होती. सहा महिन्यांचा ऑनलाइन कोर्स, डेटा एन्ट्री आणि ऑफिसचे काम, शेवटी नोकरीची हमी, फी अठरा हजार रुपये. ती म्हणाली, “ताई, आपला फुकटचा आहे, त्याला नोकरी नाही. हा घेऊ का?” मी जीपमध्ये चढत होते. मी जाहिरात वरवर पाहिली. फोटोत कोट घातलेली मुले हसत होती, खाली सर्टिफिकेटचे चित्र होते. मी म्हटले, “बरा दिसतो. घरी विचार.”

“बरा दिसतो.” एवढेच माझे दोन शब्द. तिने घरी जाऊन सांगितले की ताई हो म्हणाल्या.

आमच्याकडे एकरकमी अठरा हजार कुठून येतात? मुकादमाकडून. पावसाळ्यात घरात दाणे संपतात तेव्हा तो उचल देतो, आणि त्या बदल्यात नवराबायको म्हणजे एक कोयता, हंगामभर त्याला बांधला जातो. वडिलांनी नेहमीपेक्षा अठरा हजार जास्त उचलले, दीडीने. दीडी म्हणजे परत करताना दीडपट. अठराचे सत्तावीस.

कोर्स दोन महिने चालला. व्हिडिओ होते, त्यांतले काही दुसऱ्यांचेच उचललेले. मग एका सोमवारी गटावर कोणालाच काही लिहिता येईना, आणि दिलेला नंबर लागेना. मी पोलीस ठाण्यात तिच्याबरोबर गेले. अर्ज दिला. त्याची पोच आहे. त्यापुढे काही नाही.

जानेवारीत ती उसाला गेली. आईवडिलांचा एक कोयता होता, तिच्या येण्याने काम वाढावे आणि सत्तावीस हजार फिटावेत म्हणून. मी एकदा पडावावर तिला भेटायला गेले. पहाटे तीनला ट्रक भरून तिचे हात कापले होते. तिने मला चहा दिला. रागाचा एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर मला बरे वाटले असते.

परत येताना नवापूर स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसले होते. तेव्हा मला माझा स्वतःचा अभ्यास आठवला, आणि फार लाज वाटली.

तुमच्यापैकी काहींना माहीत आहे, माझा थिऑलॉजीचा डिप्लोमा मी सेमिनरीत राहून केलेला नाही. लग्न झाले होते, लेक लहान होती, सोडून कुठे जाणार? मी तो विस्तारित पद्धतीने, म्हणजे घरी पुस्तके घेऊन केला. ही पद्धत १९६३ साली ग्वाटेमालातल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीने सुरू केली. खेड्यातले जे लोक प्रत्यक्षात मंडळ्या सांभाळत होते त्यांना शेती आणि संसार टाकून शहरात येता येत नव्हते, म्हणून शाळाच त्यांच्याकडे नेली. पण तिने फक्त पुस्तके पोस्टाने पाठवली नाहीत. तीन गोष्टी होत्या. घरी वाचायचे पुस्तक, रोजची सेवा, आणि आठवड्यातून एकदा एकत्र बसणे. त्या बसण्याला एक मार्गदर्शक असायचा. तो व्याख्यान द्यायचा नाही, विचारायचा.

आमचे बसणे शुक्रवारी असे. आम्ही सहा बायका, एका शिक्षिकाबाईंच्या घरी. एकीचे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. मी दोनदा अभ्यास सोडायचे ठरवले होते, आणि दोन्ही वेळा शुक्रवार आला म्हणून सोडला नाही. रिकाम्या हाताने कसे जायचे, त्या बाई “या आठवड्यात कुठे अडलीस?” म्हणून विचारतील, या एका धाकाने मी रात्री दिवा लावून पाने भरली आहेत. पौलाने दूरच्या मंडळ्यांना पत्रे लिहिली, ते एका अर्थी दूरशिक्षणच. पण रोमकरांस लिहिलेले पत्र बहुधा फिबी घेऊन गेली, आणि कोणीतरी ते मंडळीत उभे राहून वाचले असणार, लोकांनी मध्येच थांबवून विचारले असणार. दारात टाकून कोणी निघून गेले नव्हते.

मी स्वतः अशी शिकले. आणि मुलांना मात्र पेन ड्राइव्ह देऊन मोकळी झाले.

दुसरी तुकडी गेल्या जूनमध्ये सुरू केली. यावेळी फक्त आठ जण. यंत्रे तीच, व्हिडिओ तेच. बदल केला तो एवढाच की एका लॅपटॉपवर दोघांनी बसायचे, वेळ संध्याकाळी सातची ठरलेली, आणि कोणीतरी मोठे माणूस खोलीत हजर पाहिजे. मला रोज जमणार नव्हते. ज्या शिक्षकांना विचारले त्यांना मानधन हवे होते, आणि ते मागण्यात त्यांचे काही चुकत नव्हते. शेवटी आमच्या स्वयंपाकीण मावशी म्हणाल्या, “मी बसते. तांदूळ निवडायचेच असतात.”

मावशींना अक्षरओळख नाही. साठीच्या आहेत. त्या सूप घेऊन दाराजवळ बसत आणि आठ वाजता उठताना प्रत्येक जोडीला एकच प्रश्न विचारत, “आज काय केलंत? मला सांगा.” सांगायचे अर्थात मावचीत, कारण मावशींशी मराठीत कोण बोलणार?

मी हे पहिले काही दिवस गमतीने पाहिले. मग लक्षात आले की इथे काहीतरी मोठे घडते आहे. मुले व्हिडिओ मराठीत ऐकत, पडद्यावर इंग्रजी वाचत, आणि ती गोष्ट मावशींना आपल्या बोलीत समजावून देत. ज्याला समजली नसेल त्याला समजावता येत नसे आणि तो आपोआप पकडला जाई. मावशी रागावत नसत. म्हणत, “मला कळलं नाही. परत सांग.” मग तो परत व्हिडिओ लावी. सेल म्हणजे काय हे एका मुलाने त्यांना अंड्यांच्या ट्रेवरून सांगितले. आमच्या नवापुरात कोंबड्यांचे मोठे फार्म आहेत, तिथे त्याचा भाऊ कामाला आहे. प्रत्येक खळग्यात एक अंडे, तसे प्रत्येक चौकटीत एक आकडा, आणि ओळीवरून व स्तंभावरून त्या खळग्याचा पत्ता. मी दहा वेळा सांगून इतके चांगले सांगितले नसते.

मावशींना मग कोठीचा हिशेब हवासा झाला. तांदूळ किती आला, किती शिजला, किती उरला. मुलांनी कॅल्कमध्ये तो मांडला. तांदूळ जुळला, तेल जुळेना. दोन लिटर कमी. मावशी म्हणाल्या, “मशीन खोटं बोलतं.” दुसऱ्या दिवशी आठवले की नाताळच्या करंज्यांना वेगळे काढून ठेवले होते. ते ऐकून मुले जी हसली ती हसली. त्या दिवसापासून हिशेबाची फाईल हा त्यांच्यासाठी धडा उरला नाही, काम झाले.

आठांपैकी सहा जणांनी रायटर आणि कॅल्क पुरे केले. एक मुलगा आजारी पडला, एक लग्न होऊन गेली. त्या सहांत उसावरून परतलेली ती मुलगी आहे.

तिला परत यायला सांगताना माझी जीभ उचलत नव्हती. मावशींनीच निरोप पाठवला. ती जूनमध्ये आली, बोलली कमी, आणि ऑक्टोबरपर्यंत सगळ्यांच्या पुढे गेली. दिवाळीला आईवडील पुन्हा उसाला गेले. तिला आम्ही वसतिगृहात मदतनीस म्हणून ठेवून घेतले, थोडे मानधन दिले. मग तिने स्वतःहून एक गोष्ट केली. मला नंतर कळले.

बारा कोयत्यांची एक टोळी. टोळीने तोडलेला ऊस ट्रकमध्ये भरला जातो, ट्रकचे वजन काट्यावर होते, आणि त्या टनांचे बारा भाग. मुकादम ते आपल्या वहीत लिहितो. कोयत्याला रोज फक्त खर्चीचे दाणे मिळतात, हिशेब होळीला. होळीला वही उघडते तेव्हा पाच महिन्यांपूर्वी कोणत्या दिवशी किती टन गेला हे कोणाला आठवणार?

ही मुलगी रोज रात्री धाकट्या भावाला फोन करी. तो ट्रकवाल्याकडून काट्याच्या चिठ्ठीचा फोटो काढून पाठवी. ती फाईलमध्ये लिही. तारीख, ट्रकचे वजन, बारांनी भागून आपला वाटा, दर, त्या दिवशीची खर्ची, उचलीतून उरलेले. भागाकाराचे सूत्र तिने एकदाच लिहिले आणि खाली ओढत नेले. काही दिवस फोटो आले नाहीत, ते रकाने तिने रिकामे ठेवले, पिवळे रंगवले. अंदाजाने भरले नाहीत. मला या पिवळ्या रकान्यांचा सगळ्यात जास्त अभिमान वाटतो.

होळीला वडिलांनी तो कागद नेला. मुकादमाच्या वहीत त्यांचे टन कागदापेक्षा नऊने कमी होते, आणि ते पिवळे दिवस सोडून. पण गोष्ट एवढीच नव्हती. बाराही कोयत्यांचा वाटा सारखाच असतो, म्हणजे नऊ टनांची तूट बाराही घरांची होती. ते वडिलांच्या नाही, दुसऱ्या एका म्हाताऱ्याच्या लक्षात आले. त्याने कागद हातात घेऊन विचारले, “मग माझेही नऊ?”

मुकादम म्हणाला, “ते मशीनचं, माझं वहीचं. वजनात तूट जातेच.” दोन तास बसणे झाले. शेवटी त्याने साडेपाच टन मान्य केले, बाराही घरांचे. बाकी सोडून दिले.

हा मुकादम आपल्याच मंडळीत बसतो. रविवारी माझ्या पुढच्या रांगेत असतो. हे मी मुद्दाम सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल की लुबाडणारे सगळे कुठूनतरी बाहेरून येतात. तोही कोणाकडून तरी उचलच घेतो, हेही खरे आहे. मी त्याच्याशी बोलले आहे. तो माझ्याशी अजून नीट बोलत नाही.

आणि मुलीचे वडील खूश नाहीत. येत्या पावसाळ्यात उचल मिळेल की नाही याची त्यांना भीती आहे. “कागद खरा आहे, पण कागद दाणे देत नाही,” असे ते मला म्हणाले. त्यांना देण्यासारखे उत्तर माझ्याकडे त्या दिवशी नव्हते. टोळीतल्या चार घरांनी मात्र तिला पुढच्या हंगामात आपला हिशेब ठेवायला सांगितले आहे, आणि ती त्याचे थोडे पैसे घेणार आहे. मी म्हटले घे.

एक गोष्ट साफ सांगते, म्हणजे तुमचा गैरसमज नको. या शिक्षणाने आजवर एकालाही पक्की नोकरी लागलेली नाही. सरकारी भरतीत बहुधा एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र मागतात, आणि टंकलेखनाच्या जागेसाठी टायपिंगची परीक्षा वेगळीच. आमच्या दोन मुली आता त्या परीक्षांना बसणार आहेत, फी तुमच्या देणगीतून भरली आहे. एक मुलगा तालुक्याच्या सेवा केंद्रात अर्ज भरायला बसतो. केंद्र सरकारचे ‘स्वयम्’ २०१७ पासून चालू आहे. तिथे कॉलेजच्या पातळीचे विषय शिकायला फी नाही, परीक्षा द्यायची तरच भरावी लागते. पण तिथली बरीच व्याख्याने इंग्रजीत, आणि आमची मुले अजून तिथवर पोचलेली नाहीत. एकजण पायथॉनचे व्हिडिओ पाहतो आहे. मावशी त्याला म्हणाल्या, “सापाचं नाव कशाला ठेवलं?” तो अजून उत्तर शोधतो आहे.

आता मागणे. मेळाव्याला आले आणि काही मागितले नाही असे माझे कधी झाले नाही.

यंदा लॅपटॉप नकोत. खरेच नकोत. आहेत ते पुरतात.

सुगत मित्रा यांचे नाव काहींनी ऐकले असेल. त्यांनी १९९९ साली दिल्लीत कालकाजीला झोपडपट्टीलगतच्या भिंतीत संगणक बसवला, आणि मुले आपली आपण शिकतात असे जगाला दाखवले. त्यावर बरेच वाद झाले. पुढे २००९ मध्ये त्याच मित्रांनी ब्रिटनमध्ये आवाहन केले की आठवड्यातून एक तास भारतातल्या मुलांशी इंटरनेटवरून बोलायला माणसे हवीत. निवृत्त शिक्षिका पुढे आल्या, आज्या पुढे आल्या. त्यांनी शिकवायचे नव्हते. मुलाने काय केले ते ऐकायचे, “अरे वा, हे तुला कसे जमले?” असे विचारायचे. त्याला नावच ‘ग्रॅनी क्लाउड’ पडले. मी हे वाचले तेव्हा मावशींना सांगितले. त्या म्हणाल्या, “मग त्यांना पगार किती?”

मावशी एक आहेत आणि जूनमध्ये चौदा मुले येणार आहेत. शिवाय मावशींचे गुडघे दुखतात. मला तुमच्यातली सात माणसे हवीत. दोन मुलांमागे एक. आठवड्यातून एक दिवस, संध्याकाळी साडेसात ते आठ, फोनवर. तुम्हाला संगणक येत नसेल तर उत्तमच. ज्यांना येतो त्यांना एक विनंती, मुलाच्या हातून काम काढून घेऊ नका आणि “हे तर सोपे आहे” असे म्हणू नका. जे सोपे आहे असे सांगितले जाते ते अडले की मूल विचारायचे थांबते. उपदेश करू नका, साक्षही नको, तो अर्धा तास मुलाचा. फक्त विचारा, या आठवड्यात काय केलेस आणि कुठे अडलेस. अडले असेल ते मला कळवा, मी किंवा जुन्या सहांपैकी कोणी दुसऱ्या दिवशी पाहू. एकदा वेळ दिली की पाळा. तुमचा फोन आला नाही तर मूल तुम्हाला दोष देणार नाही, आपलेच काही चुकले असे समजेल. सहा महिने जमणार नसेल तर नाव देऊ नका, मला वाईट वाटणार नाही.

रेंज जाते. फोन मध्येच तुटेल. पुन्हा लावा, मूल ओट्यावर येऊन उभे असते.

आणि जुन्या मुलीपैकी ती, जिची गोष्ट सांगितली, तिला मी विचारले की तुलाही कोणी हवे का. ती म्हणाली, हिशेब समजणारे कोणी असेल तर चालेल, तिला कॅल्कमध्ये व्याजाची सूत्रे शिकायची आहेत. बँकेतून निवृत्त झालेले कोणी येथे बसले असतील तर त्यांनी मला जेवणाआधी भेटावे.

नावांचा कागद चहाच्या टेबलाजवळ ठेवला आहे, पेन दोऱ्याने बांधले आहे, कारण मागच्या वेळी ते गेले होते. सोमवार ते शनिवार वार लिहिले आहेत. रविवार ठेवलेला नाही. त्या दिवशी सकाळी मुले उपासनेला असतात आणि संध्याकाळी क्रिकेटला, आणि क्रिकेट सोडून ती कोणाच्याही फोनसाठी येणार नाहीत.